‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ असं काही असतं का? एतियेन जिल्सों आणि १९३१ चा वाद

प्रकरण

२१ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान मंडळाची बैठक भरली. विषय होता ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ ही कल्पना. मांडणी करणार होते एतियेन जिल्सों, सॉर्बोनमध्ये मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवणारे ४६ वर्षांचे प्राध्यापक. त्यांच्याविरुद्ध बोलणार होते त्याच सॉर्बोनमधले सहकारी एमील ब्रेइए, तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ प्लोटायनस याच्या ग्रीक ग्रंथांचे संपादक-अनुवादक आणि तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या बहुखंडी इतिहासाचे लेखक. दोघांनीही पहिलं महायुद्ध लढलं होतं. ब्रेइए यांनी त्यात डावा हात गमावला होता. जिल्सों १९१६ च्या फेब्रुवारीत व्हर्दूनला जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले.

ब्रेइए १९२८ पासून एक गोष्ट ठामपणे सांगत होते: ख्रिस्ती गणित नसतं, ख्रिस्ती भौतिकशास्त्र नसतं, तसं ख्रिस्ती तत्त्वज्ञानही नसतं. ब्रुसेल्सच्या व्याख्यानांत त्यांनी हे मांडलं होतं आणि १९३१ मध्येच ते लेखरूपाने छापून येणार होतं. त्यांचं म्हणणं खरं धरलं, तर चौथ्या-पाचव्या शतकांतल्या संत ऑगस्टिनपासून चौदाव्या शतकापर्यंतची जवळपास हजार वर्षं तत्त्वज्ञानाच्या इतिहासातून बाहेर जातात. त्यांत उरतं ते फक्त ईश्वरशास्त्र, म्हणजे श्रद्धेने मिळालेलं सत्य गृहीत धरून केलेला विचार, आणि ग्रीकांची उसनवारी. मग जिल्सों यांनी आयुष्य वाहिलेला विषयच नाहीसा होतो.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते जिल्सों यांनी दिलेल्या उत्तराच्या जातीमुळे. तत्त्वज्ञानातला प्रश्न त्यांनी इतिहासकाराच्या पुराव्याने सोडवायचा ठरवला. त्यांचं बळ त्यात दिसतं आणि मर्यादाही त्यातच दिसते.

देकार्तपासून मागे

जिल्सों यांचा जन्म १३ जून १८८४ चा, पॅरिसचा. घर कॅथलिक, शाळा चर्चची, मग लिसे हेन्री चौथा आणि सॉर्बोन. कोलेज द फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ बर्गसाँची व्याख्यानं ऐकून भारावलेल्या पिढीतले ते एक. मध्ययुग मात्र त्यांना सॉर्बोनने शिकवलं नाही. तिथे ते शिकवतच नसत. त्या काळचा एक मान्यवर अभ्यासक, ओक्ताव आमलँ, लिहून गेला होता की देकार्त (सतराव्या शतकातला, आधुनिक तत्त्वज्ञानाचा प्रवर्तक मानला जाणारा) प्राचीनांनंतर असा येतो, जणू मधल्या काळात भौतिकशास्त्रज्ञ सोडले तर काहीच घडलं नव्हतं. फ्रेंच विद्यापीठांची ही सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत मोडायचा रस्ता जिल्सों यांना दाखवला त्यांचे सॉर्बोनमधले शिक्षक लुस्याँ लेव्ही-ब्रूल यांनी. गंमत अशी की लेव्ही-ब्रूल ना कॅथलिक होते, ना मध्ययुगाचे अभ्यासक. त्यांनी फक्त सुचवलं की देकार्तने शाळेत शिकलेल्या विद्वत्-परंपरेकडून, म्हणजे स्कोलास्टिकांकडून, नेमकं काय घेतलं ते तपासून पाहा. जिल्सों यांनी ते अक्षरशः तपासलं. १९१३ मध्ये मुख्य प्रबंधासोबत त्यांनी एक जोडग्रंथ सादर केला. त्यात देकार्तच्या संज्ञा वर्णानुक्रमाने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, नंतरचा स्कोलास्टिक सुआरेझ, पोर्तुगालमधल्या कोईम्ब्राचे जेझुइट भाष्यकार यांचे उतारे दिले होते. कोईम्ब्राचं नाव गोव्याच्या वाचकांना अनोळखी नाही. पोर्तुगालहून गोव्यात उतरणारे कित्येक जेझुइट तिथल्याच महाविद्यालयात घडलेले असत.

हा जोडग्रंथ आज सलग कोणी वाचत नसेल. पण पुढचं सगळं त्यातून निघालं. उतारे शेजारी शेजारी ठेवताना जिल्सों यांच्या लक्षात आलं की देकार्त ईश्वर, सृष्टी, इच्छास्वातंत्र्य यांविषयी बोलतो तेव्हा त्याच्या हातात मध्ययुगाचीच सामग्री असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती मूळ जागी अधिक समृद्ध असते. मग मूळ जागी जायलाच हवं होतं. लीलला अध्यापन, तिथे थॉमसवर व्याख्यानं, मग युद्ध. कैदेत ते रशियन शिकले, तेराव्या शतकातले फ्रान्सिस्कन विचारवंत संत बोनावेंतुरा यांना वाचत राहिले आणि सौंदर्यविषयक निर्णयांवर एक निबंध लिहिला. तो १९१७ मध्ये पॅरिसमध्ये छापला गेला. सुटल्यावर स्ट्रासबुर्ग, १९२१ पासून सॉर्बोन.

ठिणगी कुठे पडली

वाद ब्रेइए यांच्यापासून सुरू झाला असं सहसा सांगितलं जातं. माझ्या मते पहिली ठिणगी कॅथलिकांच्या घरातूनच उडाली, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय १९३१ ची बैठक नीट कळत नाही.

लीलच्या व्याख्यानांतून १९१९ मध्ये थॉमसच्या विचारावरचा ग्रंथ तयार झाला. त्यात जिल्सों यांनी थॉमसच्या ईश्वरशास्त्राच्या महाग्रंथातलाच क्रम पाळला: आधी ईश्वर, मग सृष्टी, मग माणूस. डॉमिनिकन धर्मसंघातल्या अभ्यासकांना हे खटकलं. तत्त्वज्ञान दिसणाऱ्या वस्तूंपासून सुरू होऊन ईश्वरापर्यंत चढत जातं. वरून खाली उतरण्याचा क्रम ईश्वरशास्त्राचा आहे. तो उचलून त्याला तत्त्वज्ञान कसं म्हणता? १९२४ मध्ये बोनावेंतुरावरचा ग्रंथ आला तेव्हा प्येर माँदोने यांनी आणखी कडक हरकत घेतली. त्यांच्या मते बोनावेंतुराकडे तत्त्वज्ञान असं नव्हतंच, होतं ते ईश्वरशास्त्र. माँदोने साधे टीकाकार नव्हते, तेराव्या शतकाचे ते मोठे जाणकार.

जिल्सों यांनी यावर दिलेलं उत्तर पुढच्या सगळ्या वादाचं बीज आहे. थॉमसने आपलं तत्त्वज्ञान ज्या क्रमाने लिहिलं, तोच क्रम आपल्या हाती आहे. दुसरा क्रम आपण बनवायचा झाला, तर तो थॉमसचा राहणार नाही, आपला होईल. इतिहासकाराने समोर जे आहे ते सांगायचं. एखाद्या विचारवंताने श्रद्धेच्या आत राहून काटेकोर बुद्धिप्रमाण युक्तिवाद केले असतील, तर ते युक्तिवाद त्या घरातून उचलून बाहेर आणल्यावरच तत्त्वज्ञान ठरतात असं का मानायचं?

ब्रेइए यांची बाजू

ब्रेइए यांचा युक्तिवाद हलका नव्हता, म्हणून तो नीट मांडतो. ख्रिस्ती धर्म म्हणजे ईश्वर आणि माणूस यांच्यातली घडलेली कथा: निर्मिती, पतन, अवतार, उद्धार. कथा घडते, सिद्ध होत नाही. ग्रीक तत्त्वज्ञान जगाचा नित्य, बुद्धिगम्य क्रम शोधतं. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, पण एकीतून दुसरी जन्मत नाही. मग ब्रेइए एकेका शतकाला साक्षीला बोलावतात. पहिल्या पाच शतकांत ख्रिस्ती धर्मातून स्वतंत्र तत्त्वज्ञान निघालेलं त्यांना दिसत नाही. ऑगस्टिनमध्ये प्लोटायनस आणि धर्मसिद्धान्त शेजारी शेजारी आहेत. थॉमसकडे बुद्धीला काम दिलेलं आहे, पण निष्कर्ष श्रद्धेशी जुळला नाही तर चूक बुद्धीचीच, हे आधीच ठरलेलं आहे. ज्या चौकशीचा निकाल आधी लागलेला आहे ती चौकशी कसली?

हा शेवटचा प्रश्न आजही बोचतो. आपल्याकडच्या वाचकाला तो शंकराचार्यांच्या संदर्भात पूर्वीच पडलेला असेल. ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्य स्पष्ट म्हणतात की श्रुतीचा आधार सुटलेला तर्क स्थिर राहत नाही. तरी ते भाष्य तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवलं जातं आणि शिकवायलाच हवं, कारण त्यातला एकेक युक्तिवाद स्वतःच्या पायावर तपासता येतो. १९३८ मध्ये ब्रेइए यांच्याच इतिहासग्रंथाला पौर्वात्य तत्त्वज्ञानाचा पुरवणी खंड जोडला गेला, पॉल मासों-ऊर्सेल यांनी लिहिलेला, आणि त्यात भारतीय विचारही आला. श्रुती मानणाऱ्यांना तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जागा मिळते आणि बोनावेंतुराला मिळत नाही, हे मला न्यायाचं वाटत नाही.

२१ मार्चची बैठक

त्या दिवशी दोन बाजू नव्हत्या, निदान चार होत्या. लेओं ब्रुन्शविग बुद्धिवादी परंपरेतले. त्यांच्या दृष्टीने तत्त्वज्ञान हे नाम स्वयंपूर्ण आहे, त्याला धर्माचं विशेषण लावलं की एकतर विशेषण निरर्थक ठरतं किंवा नाम. जाक मारितँ जिल्सों यांच्या बाजूचे, पण त्यांचं हत्यार वेगळं. तत्त्वज्ञानाचं स्वरूप एक, आणि ते प्रत्यक्ष माणसाच्या डोक्यात ज्या स्थितीत नांदतं ती दुसरी, असा भेद त्यांनी केला. स्वरूपाने तत्त्वज्ञान केवळ बुद्धीचं, स्थितीने ते ख्रिस्ती असू शकतं. मोरीस ब्लोंदेल स्वतः आले नाहीत, त्यांनी पत्र पाठवलं. ते श्रद्धावान कॅथलिक, पण जिल्सों यांची इतिहासाची वाट त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते तत्त्वज्ञानाने स्वतःच्या अपुरेपणापर्यंत प्रामाणिकपणे जावं आणि तिथे रिकामी जागा आहे हे ओळखावं. तेवढ्यापुरतंच ते ख्रिस्ती. भूतकाळात काय मिसळलं याची यादी करून हा प्रश्न सुटत नाही.

जिल्सों यांनी मात्र तीच वाट धरली. त्यांची कसोटी साधी होती. बुद्धीने सिद्ध करता येतील अशा सत्यांची काही रचना इतिहासात सापडते का, जिचं अस्तित्व ख्रिस्ती धर्माला वगळून समजावताच येत नाही? सापडली, तर तिला ख्रिस्ती तत्त्वज्ञान म्हणायला हरकत नसावी. पुढे त्यांनी व्याख्या अशी पक्की केली: श्रद्धा आणि बुद्धी यांच्या कक्षा काटेकोर वेगळ्या ठेवूनही प्रकटीकरणाला, म्हणजे ईश्वराने स्वतः उघड केलेल्या सत्याला, बुद्धीचा अपरिहार्य साहाय्यक मानणारं तत्त्वज्ञान.

पोप लिओ तेरावे यांनी १८७९ मध्ये ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या पुनरुज्जीवनासाठी काढलेलं परिपत्रक प्रसिद्ध आहे. जिल्सों तेच पुढे रेटत होते असा अनेकांचा समज झाला. पण ते परिपत्रक समोर ठेवून त्यांनी ही संज्ञा घेतली नव्हती. बोनावेंतुरा, थॉमस आणि ऑगस्टिन यांना एकाच नावाखाली कसं आणायचं, ही अडचण त्यांना ग्रंथ लिहिता लिहिता आली. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते, काम करण्याची रीत मात्र एकच दिसत होती.

पुरावा

१९३१ आणि १९३२ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठात जिल्सों यांनी गिफर्ड व्याख्यानं दिली. पॅरिसमध्ये मांडलेल्या कसोटीचा भरगच्च पुरावा त्यांत आहे. मी त्यातला एकच मुद्दा घेतो, कारण तोच सगळ्यांचा कणा आहे.

ॲरिस्टॉटलचा ईश्वर स्वतःच्याच चिंतनात मग्न असलेलं शुद्ध चिंतन आहे. जग त्याच्याकडे ओढलं जातं, पण त्याने ते निर्माण केलेलं नाही. जग अनादी आहे. ते का आहे, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडत नाही. ते कसं आहे, का हलतं, हे त्याचे प्रश्न. प्लेटोचा कारागीर उपलब्ध सामग्रीला आकार देतो. वस्तूचं निव्वळ असणं, म्हणजे ती नसती तरी चाललं असतं आणि तरी ती आहे, ही गोष्ट ग्रीकांच्या विचारात प्रश्न म्हणून उभीच राहत नाही.

आता बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं चौदावं वचन. मोशे ईश्वराला नाव विचारतो आणि उत्तर येतं, ‘मी आहे तो आहे.’ जिल्सों यांनी बजावलं की या वचनात तत्त्वज्ञान नाही. तिथे कोणी मोशेला सत्ताशास्त्राची, म्हणजे असण्याच्या शास्त्राची, व्याख्या सांगत नाही. पण या वचनावर विचार करणाऱ्यांनी शतकानुशतकं जे रचलं ते तत्त्वज्ञान आहे. ईश्वर म्हणजे असणंच, बाकी सगळ्यांना असणं मिळालेलं आहे. त्यातून शून्यातून निर्मिती, त्यातून वस्तूचं सार आणि तिचं अस्तित्व यांतला भेद, त्यातून जगाच्या प्रत्येक क्षणीच्या अवलंबनाची कल्पना. थॉमस हे सगळं युक्तिवादाने मांडतो, बायबलचं वचन पुरावा म्हणून पुढे करत नाही. वचनाने त्याला प्रश्न दाखवला, उत्तर त्याला स्वतः शोधावं लागलं. आणि इथे देकार्त परत येतो. देकार्तचा, मालब्रांशचा, लायब्निझचा ईश्वर जगाचा निर्माता आहे, ॲरिस्टॉटलचा नव्हे. या लोकांनी ख्रिस्ती युग ओलांडून थेट ग्रीकांशी संधान बांधलं असतं, तर हा ईश्वर त्यांच्या ग्रंथांत आलाच नसता. ज्याला सगळे आधुनिक बुद्धिवाद म्हणतात, त्याच्या पायातच मध्ययुग आहे.

मला हा पुरावा पटतो. ब्रेइए म्हणत की ख्रिस्ती धर्माने तत्त्वज्ञानाला काही दिलं नाही. या एका विधानापुरतं जिल्सों यांनी त्यांना उत्तर दिलं आहे, आणि ते इतक्या ग्रंथांच्या तपशिलाने दिलं आहे की उलट सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं.

पुरावा अडखळतो तिथे

दोन ठिकाणी मात्र तो अडखळतो.

पहिलं ठिकाण असं. ‘मी आहे तो आहे’ हे वचन यहुद्यांचं. सार आणि अस्तित्व यांतला भेद काटेकोरपणे मांडला तो मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सिनाने, आणि थॉमसने तो त्याच्याकडून घेतला. निर्मितीवर युक्तिवाद करणारा बाराव्या शतकातला मैमोनिडीसही यहुदी. जिल्सों यांना हे माहीत होतं, कोणाहीपेक्षा जास्त. १९२६ मध्ये गाब्रिएल तेरी यांच्यासोबत त्यांनी मध्ययुगीन सिद्धान्तांच्या इतिहासाचं जे नियतकालिक काढलं, त्यात १९२९ मध्ये ऑगस्टिनपंथावरच्या इब्न सिनाच्या प्रभावाचे ग्रीक-अरबी उगम शोधणारा मोठा अभ्यास त्यांनीच छापला. मग निर्मितीच्या तत्त्वज्ञानाला एकट्या ख्रिस्ती धर्माचं नाव का? त्यांच्या कसोटीने बगदाद आणि कोर्दोबाही आत यायला हवेत. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी, विशेषतः आलँ द लिबेरा यांनी, मध्ययुगाचा नकाशा अरबी, हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या चारही जगांत मांडला तेव्हा ही उणीव उघड दिसली.

दुसरं ठिकाण बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठाच्या फेर्नां व्हान स्टीनबेर्घेन यांनी दाखवलं. ख्रिस्ती माणसं तत्त्वज्ञ असतात, ख्रिस्ती वातावरण त्यांना प्रश्न सुचवतं, हे सगळं खरं. पण सुचलेल्या प्रश्नाचं उत्तर बुद्धीने सिद्ध झालं की ते सर्वांचं होतं. उगमावरून सिद्धान्ताला नाव देत नाहीत. इथे इतिहासकाराचा पुरावा पुरत नाही. एखादी कल्पना कुठून आली हे इतिहास सांगतो. ती कोणत्या जातीची आहे हे सांगायला वेगळा युक्तिवाद लागतो, आणि तो जिल्सों यांच्यापेक्षा मारितँनी अधिक नीट केला असं माझं मत आहे.

वादानंतर

वाद तिथे थांबला नाही. ११ सप्टेंबर १९३३ रोजी थॉमसवादी अभ्यासकांनी पॅरिसजवळ ज्युव्हिसीला एक पूर्ण दिवस याच विषयावर घालवला. तिथेही माँदोने विरोधातच राहिले. जर्मनीत १९३५ च्या व्याख्यानांत तत्त्वज्ञ हायडेगरने ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला लाकडी लोखंड, म्हणजे स्वतःशीच विसंगत कल्पना, म्हटलं.

जिल्सों यांचं आयुष्य दरम्यान दोन खंडांत वाटलं गेलं. १९२९ मध्येच बॅसिलियन पाद्र्यांच्या मदतीने त्यांनी टोरांटोच्या सेंट मायकल्स महाविद्यालयात मध्ययुगीन अभ्याससंस्था उभी केली होती. हार्वर्डने त्यांना बोलावलं होतं, पण त्यांनी टोरांटो निवडलं, कारण तिथे ईश्वरशास्त्र, कायदा, कला, पूजाविधी, हस्तलिखितवाचन हे सगळं एकत्र शिकवता येणार होतं. १९३९ मध्ये संस्थेला पोपची सनद मिळाली. १९३२ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये अध्यासन, १९४६ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवड, संयुक्त राष्ट्रांची स्थापना करणाऱ्या १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळात स्थान. १९४९ मध्ये पत्नी वारल्या. १९५० च्या सुमारास शीतयुद्धात फ्रान्सने तटस्थ राहावं अशा त्यांच्या लेखांवरून मोठं काहूर उठलं, त्याच सुमारास त्यांनी कोलेज सोडलं आणि पुढची बरीच वर्षं टोरांटोतच काढली. १९५५ मध्ये मध्ययुगातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा त्यांचा मोठा इंग्रजी इतिहास आला. शेवटची वर्षं बर्गंडीतल्या क्राव्हाँ गावी गेली, आणि १९ सप्टेंबर १९७८ रोजी, ९४ व्या वर्षी, ओसेर इथे त्यांचं निधन झालं.

वारसा म्हणून मी संस्था आणि नियतकालिक यांना ग्रंथांच्या बरोबरीने मोजतो. मारी-तेरेझ दाल्व्हेर्नी यांच्यासारखी हस्तलिखितांची असामान्य जाणकार, आंरी गूइए, टोरांटोचे जोसेफ ओवेन्स आणि आर्मंड मॉरर ही माणसं त्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्या सावलीत घडली, आणि यांतल्या कित्येकांनी गुरूशी मतभेद ठेवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये श्रद्धा आणि बुद्धी यांवरच्या परिपत्रकात अनुकरणीय विचारवंतांत जिल्सों यांचं नाव घेतलं आणि ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ ही संज्ञा योग्य ठरवली, मात्र हे चर्चचं अधिकृत तत्त्वज्ञान नव्हे असंही स्पष्ट केलं.

पुण्याशी असलेला धागा

लिओ तेरावे यांनीच १८९३ मध्ये भारतासाठी श्रीलंकेतल्या कँडीला एक पोपपीठीय सेमिनरी, म्हणजे पुरोहित घडवणारी शाळा, सुरू केली. १९५५ मध्ये ती पुण्यात नगर रस्त्यावर आली, आणि तिच्याशी जोडलेल्या ज्ञानदीप या संस्थेत आज तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र अशा दोन वेगळ्या विद्याशाखा आहेत. जगभरच्या कॅथलिक सेमिनऱ्यांत पुरोहित होऊ पाहणारा विद्यार्थी आधी तत्त्वज्ञानाची वर्षं पुरी करतो, मग ईश्वरशास्त्राकडे वळतो. या रचनेमागचं गृहीतक माँदोने यांच्या बाजूचं आहे: तत्त्वज्ञान आधी, स्वतंत्रपणे, श्रद्धेचा आधार न घेता शिकता येतं. जिल्सों वय वाढत गेलं तसे याच्या अधिकाधिक विरोधात गेले. थॉमसचं तत्त्वज्ञान त्याच्या ईश्वरशास्त्राच्या आत शिकल्याशिवाय कळत नाही, असं ते १९६० च्या आत्मपर ग्रंथात सांगतात, आणि तुकडे पाडून केलेल्या पाठ्यपुस्तकी थॉमसवादावर त्यांचा राग लपत नाही. ज्या चर्चने त्यांचं नाव आदराने घेतलं, तिने अभ्यासक्रमाचा क्रम मात्र बदललेला नाही.